‘ओ’ आल्याशिवाय बत्ती नाही

लंकाबाईचा दिवस शुक्राची चांदणी डोंगरावर हातभर चढली की सुरू व्हायचा. वाडीत घड्याळ कुणाकडे नव्हतं; चारचा सुमार असावा. आधी जात्यावर रेशनची तांबडी मिलो ज्वारी दळायची. मग आटलेल्या विहिरीत उतरून तळाचं पाणी वाटीने हंड्यात भरायचं. भाकरी थापायच्या. दिवस उगवायच्या आत सासू आणि नवऱ्याबरोबर तलावाच्या कामावर हजर व्हायचं. काम वाडीपासून दोन कोसांवर, त्यातला शेवटचा टप्पा उभ्या चढाचा. म्हणजे मुकादमाने हजेरी घेण्याआधी या बाईचं अर्ध्या दिवसाचं काम होऊन गेलेलं असे. ते मजुरीत धरत नसत.

साल बहात्तरचं, दुष्काळाचं. एरवी दिवाळी झाली की आमच्या पाथर्डीकडची माणसं कोयते घेऊन ऊसतोडीला जात. त्या वर्षी तोडायला ऊसच कमी, मुकादमांनी निम्म्या टोळ्याही उचलल्या नाहीत. उरलेले आम्ही सगळे डोंगरातल्या पाझर तलावावर आलो. बांधाची माती टाकायला पुष्कळ माणसं होती. सांडव्यावर आमची एकच टोळी. तलाव भरला की जादा पाणी निघून जायची जी वाट, तो सांडवा. आमचा सांडवा काळ्या खडकातून न्यायचा होता. सुरुंग लावल्याशिवाय तो खडक हलत नव्हता.

मी आसाराम. माझ्याकडे सुरुंगाची वात पेटवायचं काम होतं. विहिरींवर मी ते शिकलो होतो.

भोक पाडायचं काम कसं असतं ते सांगतो, कारण आता ते यंत्राने होतं आणि नव्या माणसाला कल्पना येत नाही. एकाने खाली बसून पहार उभी धरायची. दोघांनी आळीपाळीने घण घालायचे. प्रत्येक घावानंतर धरणाऱ्याने पहार थोडी फिरवायची, नाहीतर ती दगडात अडकते. भोकात पाणी सोडायचं, दगडाचा गाळ सळईने उपसायचा. हातभर खोल जाईपर्यंत ऊन डोक्यावर यायचं. लंकाबाईचा नवरा सूर्यभान पहार धरायचा. पहार धरणाऱ्याने वर बघायचं नसतं. घण आपल्या हातावर पडणार नाही असं धरून चालायचं आणि पहारीच्या टोकाकडे बघायचं. सूर्यभान तसा होता. त्याने एकदा भरवसा टाकला की टाकला.

लंकाबाई आणि तिची सासू गोजरबाई फुटलेला दगड पाट्यांनी वाहायच्या. गोजरबाईचं वय झालं होतं, धुळीने छाती भरायची, पण ती पाटी अर्धी भरू द्यायची नाही.

सुरुवातीला सुरुंगाचा काही नियम नव्हता. भोकात दारू ठासली की आमचा मुकादम भिमाजी ओरडायचा, “पळा रे, बार हाय!” ज्याला ऐकू आलं तो पळायचा. मग दुसऱ्या कुठल्याशा कामावर एक माणूस खाली राहून बारात गेला, आणि आमच्याकडे कायदा आला. कायदा घेऊन आले ते राधाकृष्ण ओव्हरसियर. तरुण होते, बोलायला मऊ, पण एक गोष्ट दोनदा सांगायचे. त्यांनी सगळ्यांना खडकावर बसवलं.

“वात पेटवण्याआधी प्रत्येकाचं नाव पुकारायचं. ज्याचं नाव, त्याने ‘ओ’ द्यायची. सगळ्यांची ‘ओ’ आल्याशिवाय बत्ती नाही. तांबडं निशाण वर आहे तोवर कुणी खाली उतरायचं नाही. निशाण खाली झालं की आसारामने वात पेटवायची, आणि लगेच निशाण परत वर. जितके बार भरले तितके वाजले, आसारामने बघून आल्याचं सांगितलं, मगच खाली जायचं. निशाण धरणाऱ्याला दुसरं कुठलंही काम द्यायचं नाही.”

भिमाजी म्हणाला, “साहेब, कायद्यानं खडक फुटत न्हाई.”

“नाही फुटत. माणूसही फुटत नाही.”

लोक हसले. भिमाजीने तंबाखूची पिचकारी बाजूला टाकली.

निशाण कोणी धरायचं यावर घोळ झाला. सगळ्यांना ते बसून खायचं काम वाटलं, म्हणून सगळ्यांनाच हवं होतं. ओव्हरसियर स्वतः सांडव्यात उतरून वाकणापलीकडे, वळणाच्या आड, जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, वरून एकेकाने हाक मारा, ज्याची हाक शब्दासकट पोचेल तो निशाण धरील. गडी माणसांनी घसे फोडले. खाली नुसता हो-हो पोचला. शेवटी गंमत म्हणून बायांनी लंकाबाईला पुढे ढकललं. तिने पदर दातातून सोडला आणि हाक दिली, “साहेब, वर या, च्या उकळला!” साहेब खरोखर वर आले. चहा नव्हता.

तेव्हापासून निशाण लंकाबाईकडे. ते बसून खायचं काम नव्हतं. पुकारा दिवसातून दोनदा, कधी तीनदा. वारा अंगावर, एक हात वर, नावं एका दमात नाही तर एकेक करून, प्रत्येक ‘ओ’साठी थांबायचं. ‘ओ’ आली नाही तर परत. मधल्या वेळात भिमाजी साहेबांची पाठ फिरली की तिला पाटी उचलायला लावायचा. संध्याकाळी तिचा घसा बसलेला असायचा आणि ती नुसती मानेने बोलायची.

पहिल्याच दिवशी पेच पडला. तिने सगळ्या टोळीची नावं खणखणीत घेतली आणि नवऱ्याच्या नावाशी थांबली. नवऱ्याचं नाव बायको घेत नाही. घेतलंच तर लग्नाकार्यात, उखाण्यात. खडकाआडून गडी ओरडायला लागले.

“घ्या की वैनी नाव! बत्ती अडलीया!”

“सूर्यभाना, तुझं नाव न्हाई घेतलं तर तू मोजलाच न्हाई बघ!”

ती लाजली, मग निशाण सावरून म्हणाली,

“काळ्या खडकात घणाला लागंना ठाव,
तांबडं निशान धरून घेते सूर्यभानरावांचं नाव.”

सगळा डोंगर हसला. सूर्यभानची ‘ओ’ हसण्यातच गेली. मी वात पेटवली.

हसली नाही एकटी गोजरबाई. दुसऱ्या दिवशी पहाटे चढावर ती सुनेच्या बरोबरीने चालत होती आणि मी मागे होतो, म्हणून ऐकलं.

“लंके, ते परत घ्यायचं न्हाई.”

“आत्याबाई, कायदाच हाय.”

“कायदा मला शिकवू नको. तुझ्या सासऱ्याचं नाव मी जल्मात एकदाच घेतलं. तलाठ्याम्होरं. त्यो म्हनला, बाई, नाव सांगितल्याबिगर कागद व्हायचा न्हाई. सांगितलं. त्या साली पटकीनं गेला. नाव घेतलं की आयुष्य तुटतं. आन् तू दिवसातनं तीनदा घेनार? बाराच्या तोंडावर?”

लंकाबाई पुढे चढत राहिली. चढावर बोलायला दम पुरत नाही, हेही खरं. पण दुपारच्या पुकाऱ्याला तिने सगळी नावं घेतली आणि शेवटी म्हणाली, “अवं!” सूर्यभानने ‘ओ’ दिली. झालं.

ओव्हरसियर पुढच्या फेरीला आले तेव्हा त्यांनी ते ऐकलं. “अवं हे नाव नाही. नाव घ्या.”

“न्हाई घेनार साहेब,” ती खाली बघून म्हणाली. “निशान काढून घ्या.”

साहेबांना निशाण काढून घ्यायचं नव्हतं. तिच्यासारखी हाक कुणाची नव्हती. भिमाजी मध्ये पडला. “साहेब, साऱ्या टोळीत जोडपं एकच हाय. तिचा अवं एकच. दुसरा कोन ओ देतोय?” साहेब म्हणाले, “बरं.”

त्या दिवशी भिमाजी म्हणाला ते खरं होतं. आणि पुढे पुष्कळ दिवस ते चाललं. माणसाला चाललेल्या गोष्टीची सवय होते. मलाही झाली. नावं, मग अवं, मग ओ, मग निशाण खाली, मग माझी काडी.

त्र्याहत्तरच्या चैत्रात शेवगावकडून एक जोडपं आलं. मच्छिंद्र आणि रतनबाई. मच्छिंद्र बैलगाडीवर पाण्याचं पिंप घालून आणायचा. तो टोळीत नव्हता, त्याचं नाव पुकाऱ्यात नव्हतं. रतनबाई पाट्या वाहायला लागली. नवं लग्न झालेलं. ती त्याला अवं म्हणायची. दुसरं काय म्हणणार?

ज्या दिवसाबद्दल लिहायचं आहे तो दिवस त्यानंतर थोड्याच दिवसांनी आला. दुसऱ्या दिवशी कामाचं मोजमाप व्हायचं होतं. भिमाजीला मोजमापाआधी सांडव्याच्या वरच्या अंगाचा खडक पाडायचा होता. सकाळपासून तो मागे लागलेला. तीन भोकं तयार झाली, मी बार भरले. वारा सुटला होता, आमच्याकडून सांडव्याकडे वाहणारा. धुळीने बायांनी तोंडं पदराने बांधली होती.

आमची लपायची जागा म्हणजे सांडव्याच्या काठावरचा मोठा खडक. त्याच्या आड सगळी टोळी बसायची. पाण्याची गाडीही त्या दिवशी तिथेच सोडलेली. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज चालू होता. लंकाबाई खडकाच्या कडेला, खाली जायच्या चिंचोळ्या वाटेच्या तोंडावर, निशाण वर धरून उभी राहिली आणि पुकारा सुरू केला. मी खाली बारांपाशी बसलो होतो. मला निशाण दिसत होतं. सांडव्याला मध्ये वाकण होतं. त्या वाकणापलीकडचं मला दिसत नव्हतं.

सूर्यभान वाकणापलीकडे होता. तो सगळ्यांबरोबर वर निघाला होता, अर्ध्या वाटेत त्याला आठवलं की आपली चांगली पहार खालच्या अंगाला दगडात रुतून राहिली आहे. बार उडाला की ती गाडली जाणार. तो खालच्या बाजूने परत उतरला. त्याने ते बिनधास्त केलं. आपण ‘ओ’ दिल्याशिवाय वात पेटत नाही हे त्याला माहीत होतं. पहार काढू, वर जाऊ, ओ देऊ. त्याच्या हिशोबात चूक नव्हती.

लंकाबाईने एकेक नाव घेतलं. एकेक ओ आली. शेवटी ती म्हणाली, “अवं!”

खडकाआडून आवाज आला, “ओ!”

ओ हा एक अक्षराचा आवाज. धूळ, घुंगरं, वारा, खडकाची आड. ती नवऱ्याची ओ रोज ऐकत होती, रोज तिथूनच यायची. निशाण खाली झालं. मी तिन्ही वाती पेटवल्या आणि वर निघालो. पळायचं नसतं. पळणारा पडतो. मी चालत वाटेच्या तोंडाशी पोचलो तेव्हा निशाण परत वर गेलं होतं. खडकाआड शिरतो तोच मच्छिंद्र बायकोला म्हणाला, “काय गं, कशाला बोलावलंस?”

“मी कुठं बोलावलं? तोंड बांधलेलं दिसंना का?”

“अवं म्हनलीस की आत्ता. मी ओ दिली.”

कुणीतरी हसलं. “मच्छिंद्रा, दुसऱ्याच्या बायकोला ओ देतो व्हय रं!”

लंकाबाई वळली. तिने खडकाआडच्या सगळ्यांवरून नजर फिरवली, एकदा, परत एकदा.

“हे कुठं हायेत?”

हसणं थांबलं. गोजरबाई उठली. तिला कळायला कुणी सांगावं लागलं नाही. ती कडेला गेली आणि ओरडली, “सूर्या! ए सूर्या!” पण तो आवाज म्हातारा, खोकल्याने फाटलेला. तो माझ्यापाशीच विरला.

लंकाबाईने हाक दिली, “अवं! अवं!”

खालून काही नाही. नंतर सूर्यभानने सांगितलं, ती हाक त्याला स्वच्छ पोचली होती; आधीची, पहारीवर दगड घालताना, ऐकूच आली नव्हती. त्याला वाटलं पुकारा आत्ता आपल्यापर्यंत आला. म्हणजे अजून बत्ती नाही. तो म्हणाला, “ओ, आलो,” आणि पहार उपटत राहिला. त्याची ओ वाऱ्यावर उलटी गेली.

मी परत फिरलो. एखादी वात उपटता आली तर. भिमाजीने मागून माझं धोतर धरलं. “तीन हायेत! तू पन जाशील!” तो खरं बोलत होता. माझे पाय तरीही पुढे ओढ घेत होते.

गोजरबाईने सुनेचा दंड पकडला. “नाव घे! माझा आवाज जाईना. तू घे. घे त्याचं नाव!”

लंकाबाईने घेतलं. “सूर्यभान! बत्ती लागली! सूर्यभान!”

उखाणा नव्हता, राव नव्हता. मी विहिरींवर पुष्कळ हाका ऐकल्या आहेत. अशी ऐकली नाही. सूर्यभान म्हणाला, “बत्ती ते मागनं कळलं. तिच्या तोंडून माजं नाव आलं तवाच हात सुटला.” तो जवळच्या दगडामागे अंग टाकतो न टाकतो तोच पहिला बार उडाला. लगोलग दुसरा. दगड आमच्या डोक्यांवरून गेले, खाली गडगडले. धूळ उठली. त्या धुळीतून सूर्यभानचा आवाज आला.

“पाय! आई गं, पाय माजा!”

जिवंत होता. गोजरबाई वाटेकडे धावली. तिच्या मागे दोन-तीन गडी. भिमाजीसुद्धा. मीही निघालो होतो, हे लपवत नाही. आमच्या आधी लंकाबाई वाटेच्या तोंडावर उभी होती आणि निशाणाची काठी तिने आडवी धरली होती. वाट एका माणसाची, दोन्हीकडून कडा.

“कुनी उतरायचं न्हाई. दोनच वाजले.”

आता माझ्या लक्षात आलं. तीन भरले होते.

खालून सूर्यभान ओरडत होता. भिमाजी म्हणाला, “अगं बाई, तो बार बुजला असंल. ओल लागली असंल. मानूस मरतंय तुझं!”

“भावजी, तिसरी वात पेटलेली बघितली का?” तिने मला विचारलं.

“पेटवली होती,” मी म्हणालो. “चांगली पेटली होती.”

“मग कुनी उतरायचं न्हाई.”

गोजरबाईने काठीला धक्के दिले. “सोड मला! माझं लेकरू हाय ते! तुझ्या पोटचा न्हाई म्हनून अडवतीस! तूच घालवलास त्याला, अवं अवं करून! सोड!” ती सुनेच्या हातावर, छातीवर मारत होती. लंकाबाईने काठी सोडली नाही. मारही चुकवला नाही. चुकवायला एक हात तरी मोकळा लागतो. तिने मान फक्त सांडव्याकडे वळवली आणि ओरडली, “सूर्यभान! हलू नका! एक बार राहिलाय! दगडाच्या आडच ऱ्हावा!”

खालचं ओरडणं थांबलं. ते थांबलं ते जास्त वाईट होतं. तो ऐकून गप्प बसला की शुद्ध गेली, कळेना.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मोठमोठी कामं अंगावर घेतली, पण त्या वाटेवर नुसतं उभं राहण्याइतकं जड काम मी केलेलं नाही. भिमाजीने पागोटं काढून घाम पुसला आणि म्हणाला, “बास झालं. बुजलाय. मुकादम मी हाय. हो बाजूला.” त्याने काठीला हात घातला. काठी जागची हलली नाही. तो तिला ओढून बाजूला करणारच होता.

तिसरा बार तेव्हा उडाला.

वाटेच्या खालच्या टप्प्यावर, जिथे आम्ही चारपाच जण एव्हाना पोचलो असतो, तिथे बैलाएवढा दगड येऊन पडला आणि फुटला. भिमाजीने काठीवरचा हात काढला. गोजरबाईचा हात सुनेच्या खांद्यावर मारायला उचललेला तसाच राहिला, मग तिने तो तिथेच टेकला.

लंकाबाईने तरी निशाण खाली केलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं. मी उतरलो, तिन्ही भोकं बघितली, ओरडून सांगितलं, “तिन्ही झाले!” मग निशाण खाली आलं, आणि माझ्या मागून सगळ्यात आधी उतरली ती तीच.

सूर्यभान दगडाआड होता. अंग वाचलं होतं. डावा पाय बाहेर राहिला होता, त्याच्यावर धोंडा. चौघांनी पहारीने धोंडा उचलला. तो शुद्धीवर होता. बायकोला बघून पहिलं वाक्य बोलला ते हे: “मी तर ओ दिलीच नव्हती. मग बत्ती लागली कशी?”

तिने सांगितलं, “मी नाव घेतलं नव्हतं.”

बाजेवर घालून खाली आणला, ओव्हरसियरांच्या जीपमधून नगरच्या मोठ्या दवाखान्यात नेला. पाय कापायला लागला नाही. पण गुडघा कायमचा ताठ झाला. ऊसतोडीला वाकायचं, खोडाशी कोयता घालायचा, मोळी डोक्यावर घेऊन शिडीवरून गाडी भरायची, हे त्या पायाने पुन्हा होणार नव्हतं.

साहेबांनी चौकशी केली. भिमाजी म्हणाला, “बाईच्या हातात निशान दिलं की असं हुतं.” पण तो हे खाली बघून म्हणाला. साहेबांनी लंकाबाईला विचारलं, “नाव घेतलं होतं का?”

“न्हाई. अवं म्हनले.”

गोजरबाई पुढे आली. “मी घेऊ दिलं न्हाई साहेब. माझ्याकडं बघा.”

“आणि मी चालू दिलं,” साहेब म्हणाले. मग त्यांनी लंकाबाईला विचारलं, “उद्यापासून नावं घेणार?”

“सगळ्यांची घेईन.”

ती काय म्हणते आहे ते दुसऱ्या दिवशी कळलं. तिने टोळीची नावं घेतली, मग पाटीवाल्या बायांची, मग मच्छिंद्राचं, मग लोहाराचं. साहेबांचं सुद्धा घेतलं, ते तिथे उभे होते म्हणून. “राधाकृष्ण साहेब!” साहेबांनी ‘ओ’ दिली. कुणी हसलं नाही. हसले ते पुढे कधीतरी, तेही मच्छिंद्राला. त्याला रतनबाईने कुठूनही अवं म्हटलं की चार जण एकदम ओ द्यायचे. तो बिचारा स्वतःचं नाव दोनदा ऐकल्याशिवाय तोंड उघडेनासा झाला.

गोजरबाई त्यानंतर पाटी घेऊन जाताना सुनेपाशी थांबायची आणि तांब्यातलं पाणी तिला द्यायची. घसा ओला कर म्हणायची. त्या विषयावर दोघी परत बोलल्याचं मी ऐकलं नाही. भिमाजीने मात्र निशाणवालीला पुन्हा पाटी उचलायला लावली नाही.

लंकाबाईने काम सरेपर्यंत निशाण धरलं. चांदणीबरोबर उठणं तेच, जातं तेच. आता नवऱ्याचं दुखणंही तिच्याकडे. आठवड्याला एक दिवस कामावरून सुटून बसने नगरला जायची, दवाखान्यात बसायची, परत यायची. त्या दिवसाची मजुरी बुडायची. आमच्या सांडव्यावर पुढे कुणाला साधी खरचट झाली नाही असं मी म्हणणार नाही. घण घसरला, बोटं चेचली. पण बार उडताना खाली माणूस राहिला नाही.

काम संपल्यावर तिच्या मजुरीतून घरखर्च जाऊन जे शिल्लक होतं ते घेऊन ती नगरला गेली. मी सोबत होतो, सामान उचलायला. जुन्या सामानाच्या एका दुकानात तिने शिलाईचं मशीन बघितलं. पायाचं नव्हे, पायाचं सूर्यभानला चालणार नव्हतं. हाताने चाक फिरवायचं. तिने दुकानदाराला ते तिथेच चालवायला लावलं, धोतराच्या तुकड्यावर शिवण घालून घेतली, उसवून बघितली, परत घालायला लावली. दुकानदार वैतागला. मग तिने कनवटीची पुरचुंडी सोडली.

सूर्यभान पाय लांब करून ओट्यावर बसायचा, मांडीवर फळी, फळीवर मशीन. ऊसतोडीला निघणाऱ्यांच्या धान्याच्या पिशव्या, पोरांची झबली, गड्यांच्या बंड्या. शिकत होता तोवर त्याला कापड सरळ धरायलाच दोन्ही हात लागायचे. ते पहिलं वर्षभर, घरचं आणि शेतातलं उरकलं की लंकाबाई शेजारी बसून चाक फिरवायची.